वार्धक्याची बेगमी आणि दासोह

सोलापूर सोडून अक्कलकोटच्या वाटेला लागले म्हणजे कुंभारीनंतर वळसंग लागते, आणि स्वामी समर्थांच्या दर्शनास या वाटेने पायी निघालेला भाविक ज्या मुलखातून जातो, तो मुलूख पावसाच्या बाबतीत कधीच भरवशाचा नव्हता. येथे जिराईत अधिक, दुष्काळ वारंवार, आणि बोलण्यात मराठीबरोबर कानडीही सहज येते. अशा ठिकाणी ईश्वरापाशी अभय मागणाऱ्या माणसाला एक प्रश्न टाळता येत नाही. ज्याने आपला भार देवावर घातला, त्याने म्हातारपणासाठी पैसा राखून ठेवावा, ही त्याच्या श्रद्धेतील उणीव समजावी काय?

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी अनन्य भक्ताच्या योगक्षेमाचा भार स्वतःकडे घेतला आहे, आणि 1956 साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने आपले बोधवाक्य त्याच श्लोकातून उचलले आहे. काहींना हा अधिक्षेप वाटतो. मला तो वाटत नाही. ईश्वर धान्य देतो तेही पेरणाऱ्याच्या हातून देतो, तर वार्धक्याचा सांभाळ त्याने माणसांनी एकत्र येऊन केलेल्या तजविजीतून करावा, यात श्रद्धेला बाध येण्याजोगे काय आहे?

धर्मशास्त्राने सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवाचे तोंड पाहिले म्हणजे वनाची वाट धरावी असे सांगितले. पण या वानप्रस्थाच्या पाठीमागे भरलेले घर आणि कर्ता मुलगा गृहीत आहे, आणि ज्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबावे लागले त्याला तर ही आश्रमव्यवस्था मुळी खुलीच नव्हती. ज्याच्यापाशी काही नाही त्याने त्यागावे तरी काय?

याहून कठोर आक्षेप बसवेश्वरांच्या अनुयायी शरणांच्या परंपरेतून येतो, आणि वीरशैव मठांच्या या प्रदेशात तो बाजूस सारता येणार नाही. आय्दक्की मारय्या हा बसवेश्वरांच्या महामनेच्या, म्हणजे त्यांच्या निवासाच्या, अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणी आणि त्यावर जंगमांचा दासोह, म्हणजे सेवाभावाने घातलेले अन्नदान, चाले. एके दिवशी त्याने नित्यापेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा त्याची पत्नी लक्कम्मा हिने ते पाहून, गरजेपलीकडचा हा साठा आपला नव्हे, जेथून आणला तेथे टाकून ये, असे त्याला बजावले. उद्याची चिंता करून मूठभर अधिक धान्य आणणेही तिला कायकाला, म्हणजे श्रमाच्या व्रताला, कलंक लावणारे वाटले. या बाईपुढे भविष्यनिर्वाह निधीचे समर्थन करायला उभे राहणे सोपे नाही, आणि तिच्या तेजाची जाणीव ज्याला होत नाही त्याने काटकसरीवर प्रवचन करू नये हेच बरे.

तथापि लक्कम्मेने काय नाकारले ते नीट पाहिले पाहिजे. तिने नाकारला तो श्रमाच्या मापाबाहेरचा वाटा. श्रमाचा वाटा तिने कधी नाकारला नाही. आणि ती निःशंकपणे नाकारू शकली, कारण बसवेश्वरांच्या कल्याण नगरीत महामनेचे अंगण होते, तेथे उद्याही तांदूळ सांडणार होते आणि दमलेल्या शरणाला शरणांच्या पंक्तीत जागा होती. ते अंगण ज्यांच्या वाट्याला येत नाही, त्यांना तिचा निःसंगपणा सांगून रिकाम्या हाताने परत पाठवणे हा तिच्या नावाचा दुरुपयोग होय. कायक म्हणजेच कैलास, हे तत्त्व पुढे करून सत्तर वर्षांच्या बाईने मरेपर्यंत विड्या वळत राहाव्यात असे कोणी सुचवील, तर त्याने बसवण्णा वाचलाच नाही.

सोलापूर आणि कुंभारी येथे हा प्रश्न हजारो घरांत जिवंत आहे. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा विडी धंद्याला 1977 पासून लागू झाला, आणि घरी पाने नेऊन विड्या वळणाऱ्या बायकांनाही तो लागू पडतो हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली ठरवले. बायका त्याला नुसता ‘फंड’ म्हणतात. तो कोणाचा प्रसाद नव्हे की खैरात नव्हे. तो वळून झालेल्या विड्यांचाच मागे ठेवलेला मोबदला आहे, आणि लक्कम्मेच्या मापानेही तो निखळ कायकाचा आहे. परंतु इतर बहुतेक धंद्यांत ही वर्गणी शेकडा 12 असता विडीच्या धंद्यात ती शेकडा 10 आहे, आणि 1995 च्या पेन्शन योजनेतील किमान दरमहा रक्कम 2014 पासून 1000 रुपयांवर थबकली आहे. कुंभारीत केंद्र, राज्य आणि कामगार यांच्या वाट्यातून उभी राहिलेली गोदूताई परुळेकरांच्या नावाची 10,000 घरकुलांची वसाहत 2006 साली वापरात आली, तेव्हा पेन्शनीहून मोठे काम तिने केले असे मला वाटते, कारण डोक्यावर स्वतःचे छप्पर असलेल्या म्हातारीला निदान भाड्याची धास्ती उरत नाही.

सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तलाव खोदविला, तेव्हा त्यांनी पाण्याचा संचयच केला. पण तो सर्वांसाठी केला, म्हणून त्याला कोणी परिग्रह म्हटले नाही. वळसंगची विहीरही याच विचाराच्या कुळातली. सार्वजनिक पाणवठा ज्यांना बंद होता त्या अस्पृश्य समाजाने ती स्वतः खोदली, आणि 1937 साली बाबासाहेब आंबेडकर तेथे आले. दुसऱ्याने ओंजळीत वरून ओतलेले पाणी आणि स्वतःच्या विहिरीचे पाणी तहान सारखीच भागवते, पण पिणारा माणूस दोन्ही वेळा तोच राहत नाही. वार्धक्यातील सुरक्षिततेचा गाभा मला येथे दिसतो: किती रक्कम साठली याहून ती कोणाच्या मेहेरबानीने मिळते, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

म्हणूनच शेत किंवा घर हयातीतच मुलांच्या नावे करून देण्याची जी घाई आपल्याकडे वत्सलतेपोटी होते, ती मला धर्म्य वाटत नाही. 2007 च्या कायद्याने सांभाळ न झाल्यास असे बक्षीसपत्र प्रांतांपुढे रद्द करून घेण्याची सोय ठेवली आहे खरी, पण त्यासाठी सांभाळाची अट दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेली बरी, आणि त्याहून तहहयात मालकी आपल्याकडे राखणे बरे. यात मुलांवर अविश्वास नाही. नातवाच्या हातावर खाऊ ठेवणे, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला लेकीस बोलावणे, मठात शिधा पाठवणे, हा दासोह ज्याच्या हातून अखेरपर्यंत घडतो तोच खरा निवृत्त. मागत्याला निवृत्ती नसते. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये आणि दरसाल द्यावा लागणारा हयातीचा दाखला यांतून दळण, दिवा आणि औषध भागवून दासोहाला काय उरते, आणि विडी वळणारीची वर्गणी गिरणी कामगाराहून कमी का, हे प्रश्न अर्थखात्याचे म्हणून कीर्तनकारांनी, मठाधिपतींनी आजवर दूर ठेवले. ते त्यांनी आता आपल्या व्यासपीठावरून विचारावेत.