बैलाला पोळा आहे

शनिवारी संध्याकाळी गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत पाठीला बॅग लावलेली तरुण मुलं बरीच असतात. कोणी नागपुरात कंपनीत कामाला, कोणी गोंदियाच्या राइस मिलमध्ये हिशेबाला, कोणी अजून कॉलेजात. हिरडामाली, सौंदड, अर्जुनी अशी एकेक स्टेशनं येतात, मुलं उतरतात, कोणाची तरी मोटरसायकल बाहेर उभी असते. दिवाळीनंतरचे हे दिवस तर मोठे ओढीचे. धान कापून झालेला, बांध्या मोकळ्या, पुंजणे घातलेले किंवा मळणी होऊन धान घरात आलेला. गावोगावच्या मंडया सुरू झालेल्या. अशा वेळी घरी दीड दिवस काढायला मिळणं हे सुखच आहे, आणि त्या सुखाबद्दल माझ्या मनात आदर आहे. आठवडाभर दुसऱ्याच्या घड्याळावर चालणाऱ्या माणसाला आपल्या अंगणात उशिरापर्यंत बसता यावं, यात कमीपणा कसला?

रविवारी सकाळी हा मुलगा गळ घेऊन बोडीवर जातो. आपल्या गोंदिया जिल्ह्यात बोड्या आणि तलाव यांना तोटा नाही. कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळी घालून पाणी अडवलं, त्याच्यावर आजही धान पिकतो आणि मासोळी मिळते. दोन-तीन तास तो पाण्याकडे बघत बसतो. मोबाइल खिशात असतो, पण हात गळाला. दुपारच्या आत तो पिशवीत मासोळी घेऊन घरी येतो, पिशवी ओसरीवर ठेवतो, हातपाय धुतो आणि खाटेवर आडवा होतो.

पिशवी तिथून आई उचलते. चुलीतली राख घेऊन मासोळ्या घासायच्या, खवले काढायचे, पोटं साफ करायची, पाट्यावर मसाला वाटायचा, रस्सा शिजवायचा, जेवायला वाढायचं, मग वास जाईपर्यंत भांडी घासायची आणि बसायची जागा धुऊन काढायची. मुलाचा छंद दोन-तीन तासांचा. त्या छंदाचं उरलेलं काम आईच्या वाट्याला जातं, आणि ते बहुतेक वेळा त्या दोन-तीन तासांहून मोठं असतं.

ही गोष्ट मला या आठवड्यात पुन्हापुन्हा सतावत राहिली. छंद म्हटला की आपण त्यातला आनंदाचा भाग तेवढा मोजतो. प्रत्येक छंदाला पुढचं-मागचं काम असतं. घरी कोंबडी पाळली की खुराडं झाडावं लागतं. मित्र जमले की चहा ठेवावा लागतो. कापलेल्या बांधीत टेनिस बॉलचं क्रिकेट रंगलं की मातीनं भरलेले कपडे कोणीतरी धुतोच. हे काम ज्याचा छंद तोच करतो का, एवढं पाहिलं तरी घरातल्या न्यायाची बरीचशी कल्पना येते.

त्याच रविवारी घरातल्या बाईचं काय चाललेलं असतं? पहाटे सडा, गोठा, शेण, पाणी. मुलगा आला म्हणून जास्तीचा सैपाक. दिवाळीत लावलेला पोतारा पावसाच्या एखाद्या सरीनं उखडला असेल तर पुन्हा हात फिरवायचा. वाडीतल्या पोपटाच्या शेंगा तोडायच्या, कोहळ्याच्या वड्या घालायच्या, नव्या धानाला ऊन दाखवायचं, कोंबड्या हाकलायच्या. मुलाच्या बॅगेतले कपडे सोमवारच्या गाडीच्या आत वाळले पाहिजेत, म्हणून ते आधी. घराला सुटी लागली की तिचं काम वाढतं. सौंदडच्या बाजूच्या एका गावात एका काकूंना मी विचारलं होतं, की रविवारी तरी जरा आराम होतो ना? त्या हसल्या. "आमाले कायचा ऐतवार, बापा? ऐतवारी तं सारेच घरी रायतेत."

यावर कोणी म्हणेल, की गावातल्या बायकांना कामातच आनंद मिळतो. या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायकांची थट्टामस्करी ज्यानं ऐकली आहे, त्याला ठाऊक आहे की तो आनंद खोटा नसतो. वडी गोल आणि सारखी पडली की ती घालणाऱ्या हाताला समाधान वाटतं. भिंतीवर ओला हात एका दमात फिरला की दोन पावलं मागं होऊन बघावंसं वाटतं. वाडीत कोणत्या वेलीचं बियाणं कुठून आणलं, ते कोणत्या मडक्यात राखून ठेवलं, हे सांगताना म्हातारीचा चेहरा उजळतो. ही सगळी कला आहे, आणि नागपूर-मुंबईत लोक पैसे भरून असल्या गोष्टी शिकायला जातात.

फरक एवढाच, की मुलगा गळ टाकून कंटाळला तर उठून येऊ शकतो. एखाद्या रविवारी गेलाच नाही, तरी कोणी विचारत नाही. आई वड्या अर्ध्या टाकून उठू शकत नाही. चूल पेटवायचा आज कंटाळा आला असं म्हणू शकत नाही. आनंद दोघांनाही मिळत असेल, पण थांबण्याची मोकळीक एकालाच आहे. आणि ज्या कामातून उठता येत नाही, त्यातल्या आनंदाचा दाखला त्याच कामात माणसाला बांधून ठेवण्यासाठी देणं मला बरोबर वाटत नाही.

रविवारची सुटी आपल्याकडे कशी आली, हेही या निमित्तानं आठवावं. ती आभाळातून पडली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस विसावा मिळावा म्हणून नारायण मेघाजी लोखंडे झगडले. ते सत्यशोधक, जोतिराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 1890 च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला हजारो कामगारांची सभा भरवली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्या दोघींचा विचार माझ्या मनातून जात नाही. रविवार मागणाऱ्यांत त्या पुढे होत्या. रविवार मिळाल्यावर, गिरणी बंद असलेल्या त्या पहिल्या दिवशी, चाळीतल्या चुलीपाशी कोण बसलं असेल, हे सांगायला इतिहासाची गरज नाही.

आपल्या भागात तर मजुरीच्या कामातूनही रविवारची सुटी अनेकींना नसते. तेंदूपानं आपल्याच जंगलातली, विड्या आपल्याच गावांतल्या ओसरीवर वळल्या जातात. मजुरी हजार विड्यांवर मिळते. जी बाई घरी बसून वळते, तिला कारखान्याचा भोंगा नाही आणि कारखान्याची सुटीही नाही. हात थांबला की मजुरी थांबली. मे महिन्यात पानं तोडायची, पुडके बांधायचे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटेपासून गळतात, ती ऊन चढायच्या आत वेचली नाहीत तर गुरंढोरं खातात. मोहाच्या झाडाला वार कळत नाही. निसर्गाच्या या घाईबद्दल तक्रार करता येत नाही, पण वेचून आणलेल्या टोपल्या अंगणात ओतल्यावर पुढचा दिवस कोणी कसा वाटून घ्यायचा, हे तर माणसाच्याच हातात असतं.

सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं 2019 मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरचं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 299 मिनिटं तेव्हा त्यात जात होती, आणि असं काम करणाऱ्या पुरुषाची 97. म्हणजे पाच तासांपुढे दीड तास. त्यातही जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांचाच हा हिशेब आहे. बहुसंख्य पुरुष त्या हिशेबात येतच नाहीत.

छंदानं गोंदियाला फार मोठं काही दिलं आहे, हेही इथे सांगितलं पाहिजे, नाहीतर मी छंदाच्या विरोधात बोलतो आहे असं वाटेल. सारस पक्षी महाराष्ट्रातून जवळपास गेलाच होता. आज तो राज्यात टिकून आहे तो मुख्यतः आपल्या जिल्ह्यात, आणि इथेही त्यांची संख्या पन्नाशीच्या आत. दरवर्षी पावसाळ्याआधी त्यांची मोजणी होते, तेव्हा 'सेवा' नावाच्या संस्थेची तरुण मंडळी आणि गावचे स्वयंसेवक पहाटे दुर्बीण घेऊन तलावांच्या कडेला बसलेले असतात. कोणी दुकानदार, कोणी शिक्षक, कोणी विद्यार्थी. पगार नाही, आवड आहे. पण सारस घरटं करतो तो भर पावसाळ्यात, अनेकदा कोणाच्या तरी धानाच्या बांधीत. घरट्यासाठी आजूबाजूचं पीक वाकवतो, तुडवतो. तेवढा तुकडा सोडून देणारा शेतकरी नसेल तर मोजायला सारस राहणार नाही. इथल्या पक्षिमित्रांचं मला मोल वाटतं ते याच्यासाठी, की ते दुर्बीण घेऊन थांबले नाहीत. ते त्या शेतकऱ्याच्या घरी गेले, त्याच्याशी बोलले, त्याला या कामात धरलं. आपल्या आनंदामागे दुसऱ्याचं नुकसान आहे, हे त्यांनी ओळखलं.

जंगलांवर आणि पाखरांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचंही असंच. 2025 च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हा नवेगावबांधची माणसं आपल्या घरातलं कोणी गेल्यासारखी बोलत होती. वनाधिकारी म्हणून तिथे असताना पाखरांची, माशांची, झाडांची केवढी तरी माहिती त्यांना गावच्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून आणि तलावावरच्या ढिवरांकडून, जंगलातल्या गोंडांकडून मिळाली. ज्यांचं ते रोजचं काम, त्यांच्या तोंडून ती विद्या आली, आणि कोणाकडून काय शिकलो ते त्यांनी आपल्या पुस्तकांत नावानिशी लिहिलं. मासोळी कोणत्या पाण्यात कधी चढते, हे ढिवराला पोटासाठी माहीत असावं लागतं. ते ज्ञान पुढे कोणाचा छंद होतं, कोणाचं पुस्तक. त्याचं ऋण मानणं हा सभ्यपणा चितमपल्लींनी पाळला. घरातल्या छंदांच्या बाबतीत आपण तो पाळतो का?

आता पोळ्याकडे बघा. श्रावण संपता संपता, रोवणी उरकली की पोळा येतो. आदल्या दिवशी खांदशेकणी. वर्षभर जू वाहून सोललेल्या खांद्याला हळद आणि तूप लावून शेक द्यायचा. दुसऱ्या दिवशी बैलाला धुवायचं, सजवायचं, गोड खाऊ घालायचं, आणि जू त्याच्या मानेवर ठेवायचं नाही. कितीही घाईचं काम असो, कोणी औत जुंपत नाही. मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही, की विसावा बैलावर सोपवलेला नाही. बैल बोलत नाही. 'मी थकलो' म्हणत नाही. म्हणून गावानंच ठरवून टाकलं की हा दिवस त्याचा, आणि सगळ्यांनी मिळून तो पाळायचा. एकट्यानं पाळला असता तर शेजाऱ्याचं औत पाहून त्याचाही हात जुवाकडे गेला असता. आता ट्रॅक्टर आले, गोठ्यातली जोडी कमी झाली, तरी पोळा भरतोच.

त्या दिवशीची पुरणपोळी मात्र बाईच लाटते. बैलाची झूल तीच शिवते, त्याचं औक्षण तीच करते, घरी आलेल्यांना तीच वाढते. ज्या गावाला मुक्या जनावराचा थकवा समजला, त्या गावाला चुलीपाशी बसलेल्या माणसाचा समजत नाही, असं मी मानायला तयार नाही. समजतो. पण ती बोलू शकते, म्हणून ती बोलेल असं आपण धरून चालतो, आणि ती बोलत नाही म्हणून तिला काही हवं नाही असंही धरून चालतो.

तिला हवं असतं, याचा पुरावा झाडीपट्टीतल्या नाटकाच्या रात्री मिळतो. मंडईच्या दिवशी नाटक लागलं की बायका संध्याकाळीच भराभर आवरून घेतात, पोतं किंवा चटई बगलेत मारतात आणि थंडीत शाल गुंडाळून मंडपात जागा धरतात. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. शेवटच्या प्रवेशापर्यंत त्या उठत नाहीत. एरवी 'मले काही नाही लागत' म्हणणारी बाई तिथे खळखळून हसते, पदरानं डोळे टिपते, नायिकेनं काय करायला हवं होतं यावर शेजारणीशी वाद घालते. आणि पहाटे पडदा पडला की तिथूनच घरी जाऊन सडा टाकते. पुरुष झोपतात. नाटक दोघांनी सारखंच पाहिलेलं असतं.

गाडीतून उतरणाऱ्या त्या मुलांना, आणि त्यांच्या वडिलांनाही, मला एक करून पाहायला सांगायचं आहे. गळ टाकायला खुशाल जा. पण आणलेली मासोळी राख लावून स्वतः साफ करा. न येत असेल तर आईजवळ बसून शिका. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा आणि गोठा तुमचा. आणि एखाद्या शनिवारी रात्री तिला विचारा, की उद्याचा दिवस सगळा तुझा असला तर तू काय करशील? ती बहुतेक 'काही नाही' म्हणेल. कदाचित 'झोपेन' म्हणेल. ज्या प्रश्नाची कधी गरजच पडली नाही, त्याचं उत्तर तोंडाशी तयार नसतं. तिला बहिणीच्या गावाला जायचं असेल, कचारगडच्या जत्रेला जायचं असेल, लहानपणी शिकलेलं काही पुन्हा करायचं असेल. ते वर यायला वेळ लागेल. पहिल्या रविवारी उत्तर येणार नाही. दुसऱ्या, तिसऱ्या रविवारी पुन्हा विचारावं लागेल, आणि तोवर दर रविवारची भांडी आपणच घासावी लागतील.