अर्धवट वाकळ कुणाची?

आपल्या बेळगाव भागात कित्येक घरांत सासूबाईंनी नाहीतर आजीने ठिगळं जोडून ठेवलेली वाकळ ट्रंकेत तशीच पडून असते. अस्तर नाही, धावदोरा नाही. 'त्यांच्या हातची आठवण' म्हणून कुणी हात लावत नाही. पण त्यांनी ती पांघरायलाच जोडली होती ना? घडीवरच विरून गेली, तर आपण जपलं काय?

मशीनवर द्यावी का? कापड दणकट असेल तर खुशाल द्या. विरलेलं लुगडं मात्र मशीनच्या दाट टाक्याने फाटतं. तिथे हातानेच सैल धावदोरा घाला. त्यांचा वाकडा टाका उसवू नका, आपला त्याच्या शेजारी घाला. मोठ्यांचं राहिलेलं काम पुरं करणं हाही मानच आहे. आणि झाली की परत ट्रंकेत नको, या थंडीत कुणाच्या तरी अंगावर जाऊ दे.