बसायची जागा

भिलाईपासून समुद्र फार लांब. तरी 2022 मध्ये नौदलात दाखल झालेल्या विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या पोलादाचा काही भाग इथल्याच कारखान्यातला. तेव्हा या गावात कुणी घरच्या घरी शिडाची कयाक सजवायला घेतली, तर हसू नये.

अशा नावेत पहिली गडबड होते ती बैठकीची. पाठीला आराम म्हणून माणूस बैठक चार बोटं उंच करतो आणि नाव डुगडुगायला लागते, कारण सगळ्यात जड वस्तू आपणच. त्यापेक्षा जुन्या खाटेची नवार घ्यावी, ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणून तळाजवळ बसवावी. पाणीही साचत नाही. मग मोटर. ती मागे लावली की मागचा भाग बसतो, नाळ वर उचलते. शंभर अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी तीसेक किलोंची. ती मोटरपाशी न ठेवता मधोमध, खाली ठेवावी. शीड उभारल्यावर मोटर पाण्याबाहेर काढावी, नाहीतर पंखाच ओढ लावतो.

कोकणातल्या होडीला बाजूला उलांडी असते. लांब दांड्यांवर बांधलेला तो ओंडका होडी कलंडू देत नाही. कयाकलाही ती जोडता येते, आणि माझ्या मते मोटरीआधी तीच जोडावी.

बॅटरी ठेवण्याआधी तिच्या जागी तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी बांधा, लाइफ जॅकेट घाला, सोबतीला कुणी घ्या आणि काठालगत कमरेएवढ्या पाण्यात नाव मुद्दाम उलटी करा. पिशवी निसटली तर पट्टा बदला.