गुणफलकाबाहेरचा बचावपटू

कुर्ल्यात स्थानिक कबड्डी स्पर्धांचा हंगाम जवळ आला की कोणत्या संघात कोण आलं, कोण गेलं याची चर्चा सुरू होते. तिशी ओलांडलेला एखादा मध्यरक्षक नव्या संघाकडून उतरणार असं कळलं, की दोन ठरलेली मतं कानावर येतात. एक, ‘अनुभवी आहे, संघ सावरेल.’ दुसरं, ‘गुडघे गेलेत त्याचे, पोरांची जागा अडवतोय.’ पहिल्या मतात त्याची जुनी कीर्ती बोलते, दुसऱ्यात त्याचा जन्मदाखला. आज मैदानात तो काय करतो, हे दोन्ही मतं पाहत नाहीत. बुजुर्ग बचावपटूचं मोल ठरवण्याची आपली पद्धतच चुकीची आहे आणि तिची किंमत खेळाडूंइतकीच संघांनाही मोजावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

चढाईपटूचा हिशेब सोपा असतो. गेला, गडी टिपले, गुण घेऊन आला. बचाव सात जणांचा असतो, पण पकडीचा गुण एकाच्याच नावावर लागतो. घोटा धरणारा कोपरारक्षक नोंदवहीत जातो. चढाईपटूला त्या कोपऱ्याकडे ढकलणारा, परतीची वाट अडवणारा किंवा मागून येऊन अंगाचा भार टाकणारा जात नाही. स्पर्धेच्या शेवटी उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड अशी दोन बक्षिसं दिली जातात. दोन्ही त्याच नोंदवहीतून निघतात.

नेहरूनगरच्या मैदानावर दिव्यांखाली सामना रंगात आलेला असताना एकदा नजर चढाईपटूमागे न नेता डाव्या मध्यरक्षकावर ठेवून पाहा. चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे सरकतो. कोपऱ्यातल्या कोवळ्या पोराचे हात शिवशिवतात, तो झेप घ्यायच्या बेतात असतो. तेवढ्यात मध्यरक्षक ‘थांब’ म्हणतो आणि स्वतः एकच पाऊल पुढे येतो. त्या पावलाने मध्यरेषेकडे परतायची वाट अरुंद होते. चढाईपटूला ते जाणवतं; तो निदान रेषा ओलांडून हात हलवत मागे फिरतो. गुण कुणालाच नाही. पुढची चढाईही अशीच कोरी जाते. तिसरी निर्वाणीची, आता गुण घेतल्यावाचून त्याला परतता येत नाही. तो खोल शिरतो, पोरगा घोटा धरतो, मध्यरक्षक समोरून छाती लावतो. टाळ्या पोराला, गुणही पोराला. त्या पकडीची तयारी मात्र दोन चढाया आधीपासून सुरू होती आणि ती करणाऱ्याच्या नावापुढे शून्य आहे.

आपल्या कबड्डीचीच ही अडचण आहे असं नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे पाच धिप्पाड माणसांची भिंत उभी असते. समोरून येणारा हल्ला अडवणं हेच त्यांचं काम. चेंडू घेऊन पळणं किंवा तो झेलणं त्यांच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही, त्यामुळे त्यांच्या नावावर आकडेही फारसे लागत नाहीत. अँड्र्यू व्हिटवर्थ हा या भिंतीतला डाव्या टोकाचा खेळाडू. सिनसिनाटी बेंगल्स संघात अकरा हंगाम काढून 2017 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो लॉस एंजेलिस रॅम्समध्ये आला. आदल्या वर्षी रॅम्सने सोळापैकी चारच सामने जिंकले होते आणि सगळ्या लीगमध्ये सर्वांत कमी गुण त्यांचेच होते. व्हिटवर्थ आल्याच्या वर्षी त्यांनी अकरा सामने जिंकले आणि सर्वाधिक गुण केले. त्याच वर्षी संघाला शॉन मॅकव्हे हा नवा प्रशिक्षकही मिळाला होता, त्यामुळे सारं श्रेय एकट्या व्हिटवर्थच्या पदरात टाकता येणार नाही. पण तरुण क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यापूर्वी श्वास घेण्याइतका वेळ मिळू लागला, तो त्या भिंतीमुळेच. पुढे फेब्रुवारी 2022 मध्ये, चाळिशी गाठलेला व्हिटवर्थ रॅम्सकडून सुपर बोल जिंकला आणि समोर होता त्याचाच जुना बेंगल्स संघ.

त्याच महिन्यात प्रो कबड्डीच्या आठव्या हंगामाचा अंतिम सामना बंगळुरूमध्ये झाला. दबंग दिल्लीने पाटणा पायरेट्सला 37-36 असं हरवलं. या दिल्लीने लिलावात जोगिंदर नरवाल, मनजीत छिल्लर, जीवा कुमार, संदीप नरवाल अशी मुरलेली मंडळी जमवली, तेव्हा हा म्हाताऱ्यांचा संघ म्हणून नाकं मुरडली गेली होती. यातल्या जीवा कुमारला मुंबईकर चांगले ओळखतात. 2015 मध्ये अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली यू मुंबाने विजेतेपद मिळवलं, तेव्हा मधल्या फळीत विशाल मानेच्या जोडीला तोच होता. अंतिम सामन्यात दिल्लीचे बहुतेक गुण विजय मलिक आणि नवीन कुमार यांनी चढाईत मिळवले. त्यांना बिनधास्त चढाया करता आल्या, कारण मागे घर सांभाळणारी माणसं होती.

एवढ्यावरून ‘जुनं ते सोनं’ म्हणून मोकळं होता येत नाही. 2019 मध्ये तमिळ थलैवाजकडेही मनजीत छिल्लर होता. जोडीला मोहित छिल्लर, रण सिंग, अजय ठाकूर, राहुल चौधरी अशी भारदस्त नावं होती. तो संघ बारा संघांत शेवटचा आला. मनजीत तोच, मधे वयही वाढलेलं. तरी पुढच्याच हंगामात तो विजेत्या संघात होता. बदलली ती शेजारची माणसं आणि त्याच्याकडून अपेक्षित काम. बचावपटूचं मोल त्याच्या एकट्याच्या अंगात नसतं. तो कुणाशेजारी उभा राहतो यावर ते ठरतं.

म्हणून नव्याने घेतलेल्या बुजुर्ग खेळाडूकडे पाहताना तीन प्रश्न विचारावेत. पहिला, त्याची मागे सरकण्याची चपळाई शाबूत आहे का? वय आधी दिसतं ते पावलांत. झेप घेण्याची ताकद उरते, पण हुलकावणीनंतर सावरून पुन्हा जागेवर यायला वेळ लागू लागतो. मातीवर ते खपून जातं, मॅटवर खपत नाही. दुसरा, त्याच्या शेजारच्या पोराच्या फसलेल्या पकडी कमी झाल्या का? मला तिन्हींत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिसरा, उत्तरार्धाच्या शेवटच्या पाच मिनिटांत, तीनच गडी उरलेले असताना, तो काय करतो? तिथे एक पकड दोन गुण देते आणि एक उतावळी उडी लोण ओढवून घेते. या तीन प्रश्नांना समाधानकारक उत्तरं नसतील, तर छातीवर कितीही पदकं असोत, त्याने जागा मोकळी करावी.

तरुणांची जागा अडते, हा आक्षेप मी हलका मानत नाही. उपनगरातल्या पोरांसाठी मैदान हीच नोकरीची वाट आहे. रेल्वे, बँका, तेल कंपन्या यांच्या संघांतली खेळाडूची जागा म्हणजे घराचा आधार. पण एकोणीस वर्षांच्या कोपरारक्षकाला बाकावर बसून शिकता येत नाही आणि सात कच्च्या पोरांत उभं राहूनही शिकता येत नाही. तो शिकतो ते ‘थांब’ म्हणणारा कुणीतरी शेजारी असेल तरच. प्रश्न येतो तो बुजुर्गाला त्या पोराच्याच जागी घेतलं जातं तेव्हा.

प्रो कबड्डीच्या लिलावबाजाराला हे उमगेल, याची मी वाट पाहत नाही. इराणचा बचावपटू फजल अत्राचली याला 2018 मध्ये यू मुंबाने एक कोटी रुपये मोजले. 2023 मध्ये गुजरातने एक कोटी साठ लाख दिले आणि पुढच्याच वर्षी बंगालला तो पन्नास लाखांत मिळाला. एका वर्षात त्याचा खेळ एक तृतीयांशावर आला नव्हता. 2025 मध्ये तोच फजल दिल्लीच्या विजेत्या संघात होता आणि त्या संघाचा प्रशिक्षक होता तोच जोगिंदर नरवाल, जो 2022 मध्ये त्या ‘म्हाताऱ्यांच्या’ संघाचा कर्णधार होता.

आपल्या मंडळांच्या हातात मात्र बरंच काही आहे. गुणलेखकाशेजारी एक जाणता माणूस बसवावा. कोरी चढाई कुणामुळे गेली, पकडीला दुसरा हात कुणाचा लागला, हे त्याने टिपून ठेवावं. निवडीच्या दिवशी ती वही समोर ठेवावी आणि उत्कृष्ट चढाई-पकडीच्या जोडीला उत्कृष्ट साथीचंही बक्षीस द्यावं. खर्च एका वहीचा आहे. तेवढं झालं तर पस्तिशीतल्या खेळाडूला घ्यायचं की निरोप द्यायचा, याचा निर्णय त्याच्या खेळावरून होईल. वयाचा दाखला आणि जुन्या सामन्यांच्या आठवणी त्यासाठी काढाव्या लागणार नाहीत.