दोघांना पुरेल अशी जागा

शास्त्रपाठ : उत्पत्ती १३:५–१२



अब्राम व लोट यांचा तंटा वैरातून उद्भवला नव्हता. दोघांचीही गुरेढोरे वाढली, जागा अपुरी पडली आणि गुराख्यांत भांडण जुंपले. आपल्या मंडळ्यांतील घरमालक व भाडेकरू यांचे पुष्कळ तंटे याच जातीचे. मालकाच्या मुलाचे लग्न ठरले, सुनेला खोली हवी. खालच्या मजल्यावर तीस वर्षे राहणाऱ्या बंधूच्या घरीही सून आलेली. दोघेही खरेच बोलतात. रविवारी प्रभुभोजनास एकत्र बसतात, सोमवारी आपापल्या वकिलाकडे जातात.

बेळगाव मुंबई इलाख्यात होते तेव्हाचा, १९४७ चा भाडे कायदा काय म्हणत होता पाहा. मालकाची गरज वाजवी व प्रामाणिक असावी, एवढ्यावर तो थांबला नाही. घर खाली करविल्याने होणारे हाल न करविल्याने होणाऱ्या हालांहून अधिक असतील तर हुकूमनामा देऊ नये. जागेचा एक भाग देऊन कोणाचेच हाल होत नसतील तर तेवढ्यापुरताच द्यावा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यानेही कलम १६ मध्ये हेच ठेवले. इंदूर-ग्वाल्हेरकडे १९६१ च्या कायद्याने अट घातली की, मालकाला त्याच शहरात स्वतःचे दुसरे सोयीचे घर नसावे.

न्यायाधीश परका, त्याला साक्षीपुरावा घ्यावा लागतो, त्यात वर्षे जातात. आपणांस तर शेजारी किती माणसे कशी निजतात हे ठाऊकच असते.

अब्राम वडील होता, निवडीचा पहिला मान त्याचा. तो त्याने पुतण्यास दिला. अडचण ही की, समोरच्यानेच अब्राम व्हावे असे प्रत्येकास वाटते! माझ्या मते ज्याला दुसरीकडे जाण्यास वाव आहे, तो अब्राम. नवे घर बांधूनही पागडीच्या आशेने जुन्या खोलीला कुलूप लावून ठेवणाऱ्या भाडेकरूने हे ऐकावे. मुलाचे नाव पुढे करून घर सोडवून घेणाऱ्या व मग जास्त भाड्याने देणाऱ्या मालकानेही ऐकावे. वर्षाच्या आत असे केल्यास मूळ भाडेकरूस ती जागा परत मिळवून देण्याची सोय १९४७ च्या कायद्याच्या कलम १७ मध्येच होती. लबाडी किती ओळखीची असेल!

नोटीस धाडण्यापूर्वी मत्तय १८ प्रमाणे आधी एकट्याने भेटावे. न जमल्यास मंडळीतील दोन वडीलजन बरोबर घ्यावेत, रात्री अंथरुणे पडल्यावर दोन्ही घरे पाहावीत आणि मधली एखादी खोली वाटून घेता येते काय, हे तेथेच उभे राहून ठरवावे.