फलत्याग आणि फलविचार

निष्काम कर्माचा उपदेश ऐकणाऱ्या गृहस्थाच्या मनात एक शंका हटकून उद्भवते. स्वतःच्या शेतात पेरलेले उगवले नाही, तर ‘फळ माझ्या हाती नव्हते’ असे म्हणून मनाचे समाधान करता येते. कारण हानी झाली ती आपली. परंतु ज्या कर्माचे फळ दुसऱ्यालाच भोगावयाचे असते, तेथे काय? आईच्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करणारा मुलगा किंवा रोग्याच्या छातीवर शस्त्र चालविणारा वैद्य यांनीही ‘फळाचा विचार आपण करू नये’ असेच म्हणावे काय? म्हणावे, तर तो निष्ठुरपणा ठरतो. म्हणू नये, तर जेथे आधाराची खरी गरज तेथेच गीता आपल्याला सोडून जाते, असे मानावे लागेल. हा पूर्वपक्ष दुर्बल नव्हे. त्याची परीक्षा निर्वाणीच्या प्रसंगीच केली पाहिजे.

असा एक प्रसंग १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईत परळ येथील के. ई. एम. रुग्णालयात घडला. डॉ. प्रफुल्लकुमार सेन या शल्यविशारदांनी एका तरुण रोग्याचे निकामी झालेले हृदय काढून त्या जागी मृत व्यक्तीचे हृदय बसविले. भारतातील हे पहिले हृदयारोपण होय. जगातील पहिले मानवी हृदयारोपण डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे केले होते. म्हणजे मध्ये अवघे अडीच महिने लोटले होते. सेन यांची शस्त्रक्रिया जगात सहावी ठरली. परंतु रोग्याच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा वाढलेला विरोध नव्या हृदयाला पेलवला नाही आणि सुमारे तीन तासांत त्याचा अंत झाला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या आरोपणातील रोगीही एक दिवसभर जगला नाही.

लौकिक दृष्टीने पाहता हे कर्म निष्फळ झाले. मग त्याचे मूल्य कोणत्या मापाने करावे?

गीतेचे भाषांतर करणाऱ्याला एका गोष्टीची फार काळजी घ्यावी लागते. दुसऱ्या अध्यायातील तो सुप्रसिद्ध श्लोक लोकांच्या तोंडी ‘फळाचा विचार करू नको’ या रूपाने रूढ झाला आहे. मुळात तसे वचन नाही. भगवंत तेथे चार गोष्टी सांगतात: तुझा अधिकार कर्मावर आहे, फळांवर कधीही नाही, फळ हा तुझ्या कर्माचा हेतू होऊ नये, आणि अकर्माची ओढही तुला लागू नये. यांत विचाराचा निषेध कोठेही नाही. निषेध आहे तो मालकीचा. ‘हे फळ माझे’ असे म्हणू नये, एवढेच तात्पर्य.

उलट, विचार न करता केलेल्या कर्माविषयी भगवंतांचा निर्णय कठोर आहे. अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षण सांगताना त्यांनी चार गोष्टींचा उल्लेख केला आहे: अनुबंध म्हणजे पुढे होणारा परिणाम, क्षय म्हणजे हानी, हिंसा म्हणजे दुसऱ्यास होणारी पीडा आणि पौरुष म्हणजे आपले स्वतःचे सामर्थ्य. या चोहोंकडे न पाहता मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस. म्हणजे ज्या गीतेने फलत्याग सांगितला, तिनेच फलविचार आवश्यक ठरविला. कर्माच्या आधी विचार, कर्म करताना तत्परता आणि कर्मानंतर त्याग, असा हा क्रम आहे. त्याग आधी ओढून आणला, तर निष्काम कर्माच्या नावाखाली निष्काळजीपणाच पोसला जातो.

आता सेन यांच्या कर्माकडे पाहावे. कोणाच्या अंतःकरणाची परीक्षा आपण करू नये. परंतु कर्माचा क्रम उघड आहे. मानवी छातीला हात घालण्यापूर्वी त्यांनी डॉ. जी. बी. परुळकर प्रभृती सहकाऱ्यांसह श्वानांवर हृदयारोपणाचे शंभर प्रयोग केले होते आणि त्यांचा वृत्तान्त १९६५ मध्ये, म्हणजे केपटाऊनच्या शस्त्रक्रियेच्या दोन वर्षे आधी, प्रसिद्ध केला होता. तेव्हा जगाची वार्ता ऐकून केलेले ते साहस नव्हते. अनुबंध आणि पौरुष या दोहोंचा विचार तेथे झालेला होता.

याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट पुढची आहे. दोन रोगी गेल्यावर सेन थांबले. मानवी हृदयारोपण त्यांनी पुन्हा केले नाही. १९६८ या एका वर्षात जगभर सुमारे शंभर हृदयारोपणे झाली आणि बहुतेक रोगी अल्पकाळातच दगावले. परके हृदय देहाने नाकारू नये यासाठी लागणारे समर्थ औषध त्या काळी नव्हते. अमेरिकेतील डॉ. नॉर्मन शमवे यांनी मात्र आपले कार्य नेटाने चालू ठेवले आणि पुढे या शस्त्रक्रियेला स्थैर्य आणले. एक थांबला, एक चालला. दोहोंतील धर्म्य कोणते? आपापले पौरुष ओळखून केलेले असेल, तर दोन्ही. ज्याला फळाची आसक्ती असते, त्याला थांबता येत नाही. अपयश पुसून टाकण्यासाठी तो तिसरा रोगी शोधतो. आणि थांबणे म्हणजे अकर्म नव्हे. सेन यांचे शल्यकर्म आणि अध्यापन पुढेही चालूच राहिले. १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९९४ मध्ये संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा संमत केला आणि मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू मानला गेला. त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या जबलपूरहून एका दात्याचे हृदय वायुमार्गाने भोपाळच्या अशाच संस्थेत पोहोचले आणि तेथील पहिले हृदयारोपण झाले. ‘हे सेन यांच्या कर्माचेच उशिरा आलेले फळ’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. तसे म्हटले, की फळाचे माप आपण मागच्या दाराने पुन्हा घरात घेतो. हे पुढचे काही घडले नसते, तरीही विचारपूर्वक केलेले आणि विचारपूर्वक थांबविलेले ते कर्म शुद्धच राहिले असते.

रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या गृहस्थाने यातून काय घ्यावे? सही करण्यापूर्वी ते चार प्रश्न वैद्याला आणि स्वतःला निःसंकोच विचारावेत: याचा परिणाम काय, हानी किती, रोग्याला पीडा किती, आपले आणि वैद्याचे सामर्थ्य किती? उत्तरे मिळाल्यावर भीतीने मागे सरू नये. आणि सर्व करूनही आपले माणूस गेले, तर ‘मीच सही केली, मीच मारले’ म्हणून जन्मभर जळू नये. यश आले असता ‘मी वाचविले’ असे म्हणण्याचा ज्याला अधिकार नाही, त्याला अपयशात ‘मी मारले’ असे म्हणण्याचाही नाही; दोन्ही ठिकाणी मनुष्य फळावर आपले नाव घालू पाहतो. शोक होईल, तो होऊ द्यावा. तो प्रेमाचा आहे. परंतु अपराधाचा भार, विचार करून कर्म केले असेल तर, भगवंताच्या चरणी ठेवावा. फळांवर आपला अधिकार नाही, या वचनातील करुणा तेव्हा कळते.