बागेआधी ओढा

चंदगड

चि. नातीस,


तू पाठवलेला उद्यानाचा आराखडा पाहिला. रेघा सुरेख आहेत, कारंजंही हौसेने काढलं आहेस. पण चंदगडला कारंजं कशाला गं? पावसाळाभर आभाळ नुसतं कोसळत असतं इथे! पेव्हर ब्लॉक, लॉन आणि कडेने ओळीत लावलेली विदेशी पामची झाडं, एवढं केलं की शहर 'हिरवं' झालं असं हल्ली धरून चालतात. त्या लॉनवर पाखरू उतरलं तरी त्याला खायला काय मिळणार?

आपल्याकडे नगरपंचायत आली, प्लॉट पडू लागले. तालुक्यात मात्र सुमारे 225 चौरस किलोमीटरचं चंदगड संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि पलीकडे तिलारीचं रान आहे. कर्नाटकातून आलेले हत्ती इथल्या उसात शिरतात, ते वर्तमानपत्रात तू वाचतेसच. म्हणजे आपल्याला जंगल नव्याने लावायचं नाही. जंगल आणि वस्ती यांच्यामध्ये जे ओढे, बांध, देवराया आणि जुनी झाडं उरली आहेत, त्यांची साखळी तुटू द्यायची नाही.

मुंबईची गोष्ट वेगळी. माहीमला मिठी नदीकाठी शहराचा कचरा टाकायचे. 1977 साली ते बंद झालं आणि त्याच ढिगावर झाडं लावत लावत 1994 मध्ये 37 एकरांचं निसर्ग उद्यान उभं राहिलं. मोठंच काम ते. पण आधी ढीग आणि मग उद्यान, हा क्रम आपण का गिरवायचा?

पुण्याची गोष्ट तू तिथे शिकतेस म्हणून मुद्दाम सांगतो. 1997 मध्ये 23 गावं महापालिकेत आली आणि पुढे त्यांच्या टेकड्यांवर सुमारे 978 हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण ठरलं. कल्पना उत्तम होती. पण तोवर जमिनीला सोन्याचा भाव आलेला. मालकांना मोबदला काय द्यायचा आणि बांधकाम किती टक्के होऊ द्यायचं, यावरच वर्षानुवर्षं वाद चालला. म्हणून म्हणतो, आरक्षण टाकायचं तर भाव चढण्याआधी टाकावं. आपल्याकडे ती वेळ अजून टळलेली नाही.

आता तुझ्या आराखड्याकडे येतो. कारंज्याच्या जागी ओढा दाखव. त्याला सिमेंटच्या भिंतीत कोंडू नकोस. काठावर करंज, जांभूळ, वाळुंज, उंबर राहू देत. इतर झाडं रिकामी असतात तेव्हाही कुठला ना कुठला उंबर-पिंपळ पिकलेला असतो. त्यावर धनेश जगतात, वटवाघळं जगतात, आणि उंबराच्या फळातली इवली माशी नसेल तर उंबराचं बीच धरणार नाही. कुंपणाला लिंबाच्या कुळातली झुडपं लाव. आपलं राज्य फुलपाखरू निलवंत त्यांच्याच पानांवर अंडी घालतं.

दिव्यांचंही बघ. मोठमोठे हायमास्ट लावायची सगळ्यांना भारी हौस! काजव्याचे नर-मादी एकमेकांना उजेडाच्या खुणेने शोधतात. त्यावर दिव्याचा झोत पडला की खूणच हरवते. त्यांच्या अळ्या ओलसर पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात. तेव्हा ओढ्याकडे दिवे कमी, खाली वळवलेले ठेव, आणि पाचोळा झाडून पेटवून देणाऱ्यांना आधी आवर. स्वच्छतेच्या नावाखाली हे फार चालतं.

2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला समिती नेमावी लागते आणि लोक जैवविविधता नोंदवही करावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात पडून असते. इथली नोंदवही कशी आहे ते पाहा, आणि जे सुटलं असेल ते म्हाताऱ्या गुराख्यांना, रानभाज्या विकणाऱ्या बायकांना विचारून लिहून काढ. कुठल्या झाडावर कोण घरटं करतं, ते त्यांना तोंडपाठ असतं. शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहेच. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना त्यात वेगळं संरक्षण मिळालं. आपली जुनी झाडं मोजून त्यांच्या जागा नकाशावर टाक.

विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की 1966 च्या नगररचना कायद्यानुसार हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. लोकांना कळेपर्यंत त्यातले निम्मे सरतात. मी नगरपंचायतीच्या फलकावर नजर ठेवतो. तू ओढ्याचा नकाशा आणि हरकतीचा मसुदा तयार ठेव. सह्या गोळा करायचं काम माझ्याकडे. आठवडी बाजारात बसलो की अर्ध्या तालुक्याची गाठ पडते.

तुझे
आजोबा